आंघोळ घालूनही कुत्र्याच्या अंगाला वास येतो तेव्हा

विक्रोळीच्या कन्नमवार नगरमधून एका ताईंनी विचारलंय. तळमजल्यावरचं घर, साडेचार वर्षांचा लॅब्रॅडॉर, नाव बंड्या. जून लागला की त्याच्या अंगाला कुबट वास यायला लागतो. आंघोळ घातली की दोन दिवस बरं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पंजे सारखे चाटतो, कान झाडतो, काखेतली आणि पोटाची कातडी काळपट, जाडसर झालीये. तीन वर्षं झाली, दर पावसाळ्यात दवाखान्यात एक इंजेक्शन घेतलं की पंधराएक दिवस खाज थांबते. मधल्या काळात मेडिकलमधून आणलेलं माणसांचं खाजेचं मलम झालं, कडुनिंबाचं पाणी झालं, खोबरेल तेल झालं. घरातल्या आजींना आता वास सहन होत नाही, म्हणून बंड्याला गॅलरीत बांधायची वेळ आलीये. करावं काय?

ताई, आधी हे सांगतो की बंड्याला गॅलरीत बांधू नका. पावसाच्या झडीत आणि ओल्या लादीवर त्याचा त्रास दुपटीने वाढेल. आणि तुम्ही स्वच्छतेत कुठे कमी पडलात असं मनातही आणू नका. तुमच्या वर्णनावरून त्याच्या कातडीवर यीस्टचा, म्हणजे एका प्रकारच्या बुरशीचा संसर्ग झाल्याची शक्यता खूप मोठी आहे. पण हा संसर्ग आपणहून आलेला नाही. खाली दुसरं काहीतरी आहे, त्याच्या आधाराने तो दरवर्षी उठतोय. आजवर दरवेळी वरचा संसर्ग दाबला गेला, खालचं कारण कोणी शोधलं नाही. माझ्या टेबलावर येणाऱ्या जुनाट त्वचेच्या केसेसपैकी बहुतेकांची कहाणी हीच असते.

निरोगी कुत्र्याच्या अंगाला थोडासा वास असतोच. भिजल्यावर तो जास्त येतो, कारण केसांवर राहणारे जंतू आणि यीस्ट जे पदार्थ तयार करतात ते पाण्याच्या वाफेबरोबर हवेत उडतात. अंग पूर्ण वाळलं की हा वास जातो. पूर्ण वाळल्यावरही वास मागे राहत असेल, आंघोळीनंतर दोन-तीन दिवसांत परत येत असेल, तर तो आजाराचा वास आहे असंच धरून चाला.

तो नेमका कुठून येतोय हे तुम्ही घरीच शोधू शकता. डॉक्टरकडे जाण्याआधी हे करा, माझ्यासारख्याचं अर्धं काम होतं. बंड्या झोपून उठला, अंग कोरडं आहे, अशा वेळी शांतपणे त्याच्याजवळ बसा आणि एकेक जागा नाक जवळ नेऊन हुंगा. कानाची पाळी उलटून आत, मग तोंड, गळपट्ट्याखालची मान, दोन्ही काखा, जांघा, पंजांच्या बोटांच्या बेचक्या आणि शेवटी शेपटीखाली. तोंडातून कुजका वास आला तर दातांवर साचलेला थर आणि हिरड्या बघायला हव्यात. असा कुत्रा अंग चाटतो आणि तोच वास अंगभर लावतो. शेपटीखालून सडक्या मासळीसारखा उग्र वास आला, कुत्रा बूड जमिनीवर घासत असेल, तर गुदग्रंथी भरल्यात. त्या डॉक्टरकडून रिकाम्या करून घ्यायच्या, आणि ग्रूमिंगवाल्याला दर महिन्याला उगाच पिळायला द्यायच्या नाहीत, त्याने तिथली सूज वाढते. काख, बेचक्या, मानेखालचा भाग, कान इथून कुबट, आंबूस, जुन्या तेलकट कपड्याचा असतो तसला वास आला आणि बोटाला चिकटपणा लागला, तर ते यीस्टचं घर. बंड्याचं बहुधा हेच निघेल.

या यीस्टचं नाव मॅलॅसेझिया. तो प्रत्येक कुत्र्याच्या कातडीवर थोड्या प्रमाणात राहतोच, बाहेरून लागत नाही. उष्णता, ओल आणि तेलकटपणा या तीन गोष्टी एकत्र मिळाल्या की तो भराभर वाढतो. मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता बहुतेक दिवस ८० टक्क्यांच्या वर असते. आपले टॉवेल दोन-दोन दिवस वाळत नाहीत, तिथे लॅब्रॅडॉरच्या दुहेरी केसांच्या तळाशी काय होत असेल! वरचे केस हाताला कोरडे लागतात, आतली लोकर मात्र ओलीच राहते. यीस्ट वाढला की कातडीला सूज येते, खाज सुटते, कुत्रा चाटतो, चाटल्याने जागा आणखी ओली होते, आणि चक्र सुरू राहतं. लाळेने पांढऱ्या-पिवळ्या केसांवर तांबूस डाग पडतात, तेही बघा, पंजांवर हमखास सापडतील. महिनोन्महिने हे चाललं की कातडी काळी आणि जाड होते. तुम्ही लिहिलेला काळपटपणा मळ नाही, घासून काढायला जाऊ नका.

संसर्ग यीस्टचाच आहे की जंतूंचा, की दोन्हींचा, हे डोळ्यांनी सांगता येत नाही, मलाही नाही. त्यासाठी पारदर्शक चिकटपट्टीचा छोटा तुकडा काखेच्या कातडीवर दोन-तीनदा दाबायचा, काचपट्टीवर लावायचा, निळ्या-जांभळ्या रंगात बुडवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. यीस्ट असेल तर भुईमुगाच्या शेंगेच्या आकाराच्या जांभळ्या पेशी दिसतात. जंतू असतील तर बारीक गोल ठिपके, आणि शेजारी त्यांना गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी. हे सगळं दहा-पंधरा मिनिटांत, टेबलापाशीच होतं, कुत्र्याला भूल लागत नाही, दुखत नाही. त्वचेच्या तक्रारीसाठी गेलात आणि ही तपासणी झालीच नाही, तर नम्रपणे विचारा, 'डॉक्टर, स्मिअर घेऊन बघता का?' मालकाने विचारलं की बरेच डॉक्टर आनंदाने करतात. मुंबईत हे फार अवघडही नाही. परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट जनावरांचं रुग्णालय, ज्याला जुनी माणसं बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात, १८८३ पासून आहे; पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून. आता तर उपनगरांतल्या बऱ्याच दवाखान्यांतही सूक्ष्मदर्शक असतो.

आता खालच्या कारणाकडे येऊ, कारण बंड्याचा खरा प्रश्न तिथे आहे.

लॅब्रॅडॉरमध्ये, त्यातही पंजे, कान, काखा आणि पोट या जागा धरल्या असतील आणि त्रास सहा महिने ते तीन वर्षं या वयात सुरू झाला असेल, तर पहिला संशय ॲलर्जीचा. तुम्ही तीन पावसाळे म्हणता, म्हणजे तो दीडेक वर्षांचा असताना सुरुवात झाली. हिशेब अगदी जुळतो. या ॲलर्जीला ॲटोपी म्हणतात. घरातल्या धुळीतले अतिसूक्ष्म किडे, बुरशीचे कण, परागकण यांना त्याचं शरीर नको तेवढा प्रतिसाद देतं. अशा कुत्र्याच्या कातडीची संरक्षक भिंतच मुळात कच्ची असते. आणि कुत्र्याची कातडी आपल्यापेक्षा बरीच पातळ आहे हेही लक्षात ठेवा, तिच्या वरच्या थरात पेशींचे तीन ते पाचच पदर असतात. भिंतींना ओल धरलेल्या तळमजल्याच्या घरात बुरशी आणि धुळीतले किडे दोन्ही जास्त, म्हणून पावसाळ्यात भडका उडतो.

ॲटोपी मुळापासून बरी होत नाही, पण ती आटोक्यात ठेवता येते, आणि असे कुत्रे पुढे छान, लांब आयुष्य जगतात. मात्र ॲटोपीवर शिक्का मारण्याआधी दोन गोष्टी बाजूला काढाव्या लागतात, एक पिसवा आणि दुसरं खाणं.

पिसवांबद्दल लोक सांगतात, 'आमच्या घरात नाहीत हो, दिसल्या असत्या.' ॲलर्जी असलेला कुत्रा चावून चाटून पिसवा गिळून टाकतो, त्यामुळे त्या दिसतच नाहीत, आणि त्याला मोजक्या चाव्यांनीही आठवडाभर खाज सुटते. बारीक दातांची फणी शेपटीच्या बुडाशी फिरवा, निघालेली काळी कणी ओल्या पांढऱ्या कागदावर टाका. कागदावर तांबूस डाग उमटला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. पिसवांची बहुतेक संख्या अंडी, अळ्या आणि कोश या रूपात गादीत, फटीत, सोफ्याखाली असते, कुत्र्याच्या अंगावर थोडीच. त्यामुळे एकदा औषध लावून भागत नाही. घरातल्या सगळ्या प्राण्यांना निदान तीन महिने सलग द्यावं लागतं. मुंबईत गोचीड बाराही महिने आहे, तेव्हा हे तसंही चालूच ठेवायचं आहे. एर्लिकिया आणि बॅबेसिया हे तापाचे आजार गोचिडांमुळेच होतात. आठवड्यातून दोनदा आंघोळ घालणार असाल तर मानेवर टाकायचे थेंब धुऊन जातात, म्हणून गोळी बरी. कुत्र्याला फिट येत असेल तर या गोळ्या देण्याआधी डॉक्टरला ते आवर्जून सांगा. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये याबद्दल सावध केलं आहे.

खाण्याची ॲलर्जी रक्त तपासून कळत नाही. बाजारात अशा तपासण्या मिळतात, पैसे जातात, निदान होत नाही. एकच मार्ग आहे, आठ आठवडे काटेकोर पथ्य. जे प्राणीज प्रथिन त्याने आयुष्यात कधी खाल्लेलं नाही तेच द्यायचं, किंवा डॉक्टरने लिहून दिलेला खास तोडलेल्या प्रथिनांचा आहार. कुत्र्यांमध्ये चिकन, बीफ, दूध आणि गहू यांची ॲलर्जी जास्त दिसते, आणि आपल्याकडे चिकन, दूध-पोळी आणि बिस्किटं हाच तर सगळा आहार! हे पथ्य मोडतं कुठे तेही सांगतो. आजोबा चहाबरोबर बिस्किटाचा तुकडा देतात, वॉचमन काका खाली पोळी घालतात, शेजारचा मुलगा चिप्स टाकतो. घरातल्या प्रत्येकाला, आणि वॉचमनलाही, समोर बसवून सांगा. जंताची चवदार गोळी, गोचिडाची चवदार गोळी, चघळायचं हाड, यांतही प्राण्यांची प्रथिनं असतात आणि तेवढ्यानेही चाचणी बिघडते. म्हणून बारा आठवडे टिकणारी गोचिडाची गोळी पथ्य सुरू करण्याच्या आदल्या आठवड्यात देऊन टाकायची, मधे दुसरी लागत नाही. आठ आठवड्यांनी खाज खूप कमी झाली तर जुनं खाणं परत सुरू करून बघायचं. दोन आठवड्यांत खाज परतली, तरच अन्नाची ॲलर्जी नक्की. ही उलटतपासणी लोक टाळतात, कारण बरा झालेला कुत्रा परत खाजवताना बघवत नाही. पण ती केली नाही तर पुढची दहा वर्षं विनाकारण महागडं खाणं खरेदी करत राहाल.

बंड्याचा त्रास फक्त पावसाळ्यात असल्याने अन्नाचा संशय मला कमी वाटतो. अन्नाची ॲलर्जी बाराही महिने छळते. तरी जानेवारी-फेब्रुवारीत तो पंजे चाटतो का, हे आठवून बघा. उत्तर 'हो, थोडंसं' असं आलं तर पथ्य टाळू नका.

वय सहा-सात वर्षांपुढचं असतं, वजन वाढत असतं, केस दोन्ही बाजूंनी सारखे गळत असते, शेपूट उंदरासारखी बोडकी झाली असती आणि खाज नसती, तर थायरॉईड कमी पडतंय का हे मी बघितलं असतं. लॅब्रॅडॉर आणि गोल्डन रिट्रीव्हरमध्ये तसं होतं. ही तपासणी संसर्ग किंवा स्टिरॉइड यांपैकी काहीही चालू असताना करू नये, आकडा खोटा कमी येतो आणि जन्मभराची गोळी विनाकारण मागे लागते.

आता त्या इंजेक्शनबद्दल. ते बहुधा दीर्घकाळ टिकणारं स्टिरॉइड असणार. खाज थांबते हे खरं, आणि कधी कधी त्याची गरजही असते. पण ते एकदा टोचलं की परत काढून घेता येत नाही. तहान, भूक, लघवी वाढते, संसर्गाशी लढायची शक्ती उतरते, आणि तो संसर्ग पुढच्या वर्षी आणखी खोल जातो. वारंवार दिलं तर कुशिंग नावाचा आजार जडतो. आता खाज थांबवायला ओक्लासिटिनिबच्या गोळ्या मिळतात, सायक्लोस्पोरिन आहे, कमी मात्रेच्या स्टिरॉइडच्या गोळ्याही आहेत ज्या हळूहळू कमी करता येतात. ओक्लासिटिनिब एक वर्षाखालच्या पिल्लांना देत नाहीत. यातलं काय, किती, हे बंड्याला तपासणाराच ठरवेल. तुम्ही एवढंच करा, या वर्षी इंजेक्शन घेण्याआधी विचारा की गोळ्यांवर भागेल का, आणि आधी संसर्ग गेला आहे का. पुष्कळदा यीस्ट गेला की निम्मी खाज आपोआप जाते, मग ॲलर्जीला लागणारं औषधही कमी लागतं.

आता आंघोळ. कातडीवरचा यीस्ट घालवण्यासाठी सगळ्यात भक्कम पुरावा दोन टक्के क्लोरहेक्सिडीन आणि दोन टक्के मायकोनाझोल एकत्र असलेल्या औषधी शाम्पूचा आहे, आठवड्यातून दोनदा, निदान तीन आठवडे. जंतूंचा वरवरचा संसर्ग असेल तरी हल्ली पहिल्यांदा याच वाटेने जातात, अँटिबायोटिकच्या गोळ्या मागून. कारण कुत्र्याच्या कातडीवरच्या स्टॅफिलोकॉकस जंतूंमध्ये औषधांना न जुमानणारे प्रकार वाढलेत. शाम्पू काम करतो तो त्याच्या वेळेमुळे, फेसामुळे नव्हे. बहुतेक जण फेस आला की धुऊन टाकतात आणि मग म्हणतात औषधी शाम्पूचा काही उपयोग होत नाही.

पद्धत अशी ठेवा. आधी कोरड्या अंगावर ब्रश फिरवून सुटे केस काढा. इमारतीत सकाळी पाण्याचा जोर असतो, तेव्हाच उरका. पाणी कोमट, गरम नको, गरम पाण्याने खाज भडकते. अंग कातडीपर्यंत भिजवा. लॅबला त्यासाठी पाच मिनिटं लागतात, वरून पाणी घरंगळून जातं. अंग फार तेलकट असेल तर पहिली धुलाई साध्या कुत्र्यांच्या शाम्पूने करा. मग औषधी शाम्पू, पण सुरुवात पाठीवरून नको, ती तर निरोगी आहे. काखा, जांघा, बेचक्या, मानेखाली, शेपटीखाली, इथून सुरू करून बोटांनी हलक्या हाताने चोळा. घड्याळ लावून दहा मिनिटं थांबा. बाथरूममध्ये त्याच्याशेजारी स्टुलावर बसा, गप्पा मारा, अंग चाटू देऊ नका. बंड्या पाण्याला घाबरत असेल तर भिंतीला थोडं त्याचं आवडतं पथ्याला चालेल असं खाणं चोपडून ठेवा, चाटण्यात वेळ जातो. नंतर भरपूर पाण्याने धुवा, शाम्पू राहून गेला तर त्यानेच खाज सुटते. डोळ्यांत जाऊ देऊ नका.

यानंतरचा अर्धा तास आंघोळीपेक्षा महत्त्वाचा. टॉवेल घासू नका, दाबून पाणी टिपा, दोन टॉवेल लागतात. मग ड्रायर थंड हवेवर, केस हाताने उलटे फिरवत, काखा आणि बेचक्यांपर्यंत. हात मुळाशी घालून गार, दमट लागायचं थांबेपर्यंत वाळवत राहायचं. ड्रायर नसेल तर टेबलफॅनसमोर बसवा. पावसात फिरून आल्यावरही हेच, रोज, दोन्ही वेळा: पंजे साध्या पाण्याने धुवायचे, बेचक्या टिपून कोरड्या करायच्या. वेळ नसेल तेव्हा क्लोरहेक्सिडीनचे ओले रुमाल चालतात. दादर किंवा जुहूच्या चौपाटीवर नेलंत तर खारं पाणी आणि वाळू अंगावर घेऊन झोपू देऊ नका. साचलेल्या पाण्यातून नेणं टाळाच. उंदरांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस पसरतो, तो माणसालाही होतो, आणि त्याची लस बंड्याला दरवर्षी द्यायची असते.

उन्हाळ्यात किंवा पावसाळ्यात केस पूर्ण भादरून टाकायचा मोह आवरा. लॅब, गोल्डन, हस्की यांचे दुहेरी केस कापले की परत नीट येतीलच असं नाही. पोटाखालचे, बेचक्यांतले आणि गुदाभोवतीचे केस बारीक ठेवले तर पुरेसं होतं. फक्त ओला चट्टा पडला असेल तर तिथले केस काढावेच लागतात. गोल्डनला पावसात गालावर किंवा मांडीवर एका रात्रीत तळहाताएवढा ओलसर लाल चट्टा येतो, तो केसांखाली झाकला गेला तर पसरतो.

घरात त्याचं अंथरूण बदला. कापसाची गादी आणि गोणपाट ओल धरतात. पातळ चादरीच्या तीन-चार घड्या ठेवा आणि आठवड्यातून एकदा साठ अंशांच्या गरम पाण्यात धुवा, त्याने धुळीतले किडे मरतात. चादर वाळत नसेल तर इस्त्री फिरवा. लादी फिनाईलने पुसता का? पुसत असाल तर नंतर साध्या पाण्याचा एक हात मारा. कुत्रा त्याच लादीवर पोट टेकून झोपतो, आणि पोटाची केस नसलेली कातडी फिनाईलने लाल होते. भिंतीच्या ओलीचा बंदोबस्त सोसायटीकडून करून घेता आला तर त्याचा फायदा बंड्यालाच नाही, आजींच्या श्वासालाही होईल.

कान झाडतो म्हणालात, तर ते वेगळं बघायला हवं. अंगाचा यीस्ट गेला आणि कानात राहिला तर वास तिथूनच येत राहील. थेंब घालण्याआधी डॉक्टरने कानात दुर्बीण घालून पडदा शाबूत आहे का ते बघितलंच पाहिजे, पडदा फाटलेला असेल तर काही औषधांनी बहिरेपण येतं. साफ करताना कानाचं द्रावण भरून कानाचं मूळ अर्धा मिनिट बाहेरून चोळा, त्याला डोकं झटकू द्या, बाहेर आलेला मळ कापसाने टिपा. बड्स आत घालू नका, मळ मागे ढकलला जातो. स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड, लिंबू काही नको.

अंगाला काय लावू नये, हे मी जरा कडक शब्दांत सांगतो, कारण यातून मी जनावरं मरताना पाहिली आहेत. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या माणसांच्या तीन-तीन औषधांच्या मलमांत क्लोबेटासॉलसारखं जोरदार स्टिरॉइड असतं. कातडी पातळ होते, आणि कुत्रा ते चाटून पोटात घेतो. सोरायसिसच्या मलमातलं कॅल्सिपोट्रिऑल आणि दुखण्याच्या जेलमधलं डायक्लोफिनॅक चाटल्याने कुत्र्याचं मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. बादलीत टाकायचं जंतुनाशक द्रव कातडी भाजतं, घरात मांजर असेल तर तिला तर ते विषच आहे. गोचिडांचे परमेथ्रिन असलेले कुत्र्यांचे थेंब मांजराला कधीच लावू नका. टी ट्री तेल नको. खोबरेलाने वाईट काही होणार नाही असं वाटतं, पण आधीच तेलकट कातडीवर ते ओल धरून ठेवतं आणि यीस्टला पोसतं. कडुनिंबाचं पाणी सौम्य असलं तरी त्याने यीस्ट जात नाही, वेळ तेवढा जातो. आणि तुमच्या गल्लीतल्या लूत लागलेल्या पिल्लाच्या अंगावर कोणी जळकं इंजिन ऑइल ओतत असेल, तर कृपा करून हात धरा त्याचा. ते कातडीतून आत जातं, पिल्लू चाटतं, यकृत आणि मूत्रपिंड जातं. लूत आज अगदी सहज बरी होते, गोचिडाच्याच त्या नव्या गोळ्यांनी. डेमोडेक्स किड्याची असो की सार्कोप्टेस किड्याची, दोन्ही त्यांना दाद देतात. आयव्हरमेक्टिन मनाने टोचू नका, कॉली जातीच्या आणि तिच्या वंशातल्या कुत्र्यांना ते जिवावर बेततं. सार्कोप्टेसच्या लुतीत कानाच्या कडा आणि कोपर खाजतात आणि घरातल्या माणसांच्याही हातापोटावर पुरळ येतं. गोल गोल चट्टे माणसांना आले तर गजकर्ण असू शकतं. बंड्याच्या घरात तसं कोणालाच काही नाही, म्हणून मी तिकडे फार वळलो नाही.

खाण्यात एक गोष्ट सहज होण्यासारखी आहे. पथ्य संपलं आणि मासळीची ॲलर्जी नाही हे ठरलं, की आठवड्यातून दोनदा उकडलेली, काटे काढलेली तारली किंवा बांगडा द्या, मीठ-मसाल्याशिवाय. त्यातली ओमेगा-३ स्निग्धाम्लं कातडीची भिंत सुधारतात. परिणाम दिसायला दोन-तीन महिने जातात. कांदा-लसणाच्या फोडणीतलं काही नको.

सगळं नीट केलंत तर वास पहिल्या दहा-पंधरा दिवसांत उतरायला हवा, खाज तीन-चार आठवड्यांत. काळी, जाड कातडी मऊ आणि पुन्हा गुलाबी व्हायला कित्येक महिने लागतात, तिच्यावरून औषध लागू पडत नाही असं समजू नका. तीन आठवड्यांनी परत स्मिअर बघून मगच आंघोळ आठवड्यातून एकदा करा, आणि पुढे पावसाळाभर ती तशीच ठेवा. पुढल्या वर्षी खाज सुरू व्हायची वाट न बघता मेच्या शेवटीच औषधी आंघोळी सुरू करायच्या. ॲटोपी असलेल्या कुत्र्यांत मला याचा सगळ्यात जास्त फायदा दिसला आहे.

तीन आठवड्यांनीही फरक नसेल तर त्याच डॉक्टरकडे परत जा, दर वेळी नवा दवाखाना गाठू नका. तिथे आधीच्या नोंदी असतात आणि पुढची पायरी, म्हणजे जंतूंची वाढ करून कोणतं औषध चालतं ते बघणं, तिथूनच होते. जाताना तुमच्याकडची तीन वर्षांची औषधांची चिठ्ठी-चिठ्ठी न्या, खास करून इंजेक्शनच्या तारखा. कोणत्या महिन्यात, कुठे, किती खाजवतो याची कॅलेंडरवर नोंद ठेवा आणि दर आठवड्याला काखेचा एक फोटो काढा. तपासणीआधी दोन-तीन दिवस आंघोळ घालू नका, मलम लावू नका, नाहीतर काचपट्टीवर काहीच सापडत नाही. आणि मधेच कधी बंड्याने खाणं सोडलं, ताप वाटला, कातडीखाली पू दिसला, अंगावर किंवा हिरड्यांवर जांभळे ठिपके आले किंवा मान एका बाजूला कलली, तर ठरलेल्या तारखेपर्यंत थांबू नका, त्याच दिवशी दाखवा.